ऑफेन्स: गुन्हा कुठला आणि ठेच कुठली

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा भिजत धावत माझ्या दारात आला. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो क्वालिटीला आहे. हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक. "अक्का, ह्यांनी माझ्यावर केस टाकली व्हय?" परदेशातल्या गिऱ्हाईकाची मेल होती. "नो ऑफेन्स, बट द इन्स्पेक्शन रिपोर्ट यू सेंट इज इनकम्प्लीट." पोरानं त्यातला 'ऑफेन्स' तेवढा वाचला आणि उत्तर पाठवूनही मोकळा झाला: "आय हॅव नॉट कमिटेड एनी ऑफेन्स." म्हणजे, मी कुठलाही गुन्हा केलेला नाही.

समोरचा माणूस म्हणत होता, "राग मानू नका, पण तुमचा रिपोर्ट अपुरा आहे." आणि आमचा पोरगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून जबाब देत होता.

कोल्हापूरच्या कोर्टाबाहेर मी ३१ वर्षं टायपिंग केलं. आधी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीबाहेर टेबल होतं, कोर्ट कसबा बावड्याला हललं तसं माझं टेबलही हललं. अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, इंग्रजीचं मराठी, मराठीचं इंग्रजी. ह्या एका शब्दानं जितकी माणसं गोंधळलेली पाहिली तितकी दुसऱ्या कुठल्याच शब्दानं नाही. आता त्या जुन्याच इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिथं येतात, आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत. ज्यांच्या घरात इंग्रजी कागद कधी आला नव्हता त्यांच्याही हातात तो येणार. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

शब्द मुळात एकच

लॅटिन भाषेत 'ऑफेन्डेरे' असं क्रियापद आहे. अर्थ: आपटणे, धडकणे, ठेच लागणे. त्याच्यापासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. ठेच कशाला लागली त्यावरून पुढं दोन वाटा फुटल्या. कायद्याला धडक बसली तर तो गुन्हा, आणि माणसाच्या मनाला लागली तर तो अपमान, दुखावणं. इंग्रजीनं दोन्हींसाठी शब्द एकच ठेवला. आपण मात्र ते वेगळे ठेवले, आणि गोंधळ तिथंच होतो. मराठीत 'त्याच्या बोलण्यानं मनाला ठेच लागली' असं आपण सहज म्हणतो. म्हणजे शब्दाचा आत्मा आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

आपला 'अपराध'ही असाच जुन्या चित्रातून आलेला शब्द आहे. संस्कृतात 'अपराध्'चा एक अर्थ नेम चुकणे. तिकडं पाय अडखळला, इकडं बाण चुकला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टाईप करायची थांबले होते.

आधी 'ॲन' शोधा

कागद हातात आला की घाबरण्याआधी हे करा. 'ऑफेन्स'च्या आधी 'ॲन' आहे का, किंवा शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा 'एस' लागून 'ऑफेन्सेस' झालंय का, ते बघा. असेल तर बहुतेक वेळा तो गुन्हा. गुन्हे मोजता येतात. एक गुन्हा, तीन गुन्हे, पहिला गुन्हा, दुसरा गुन्हा. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये बेदरकार वाहन चालवण्याच्या कलमात 'फर्स्ट ऑफेन्स' आणि त्यानंतरचा, तीन वर्षांच्या आत घडलेला ऑफेन्स असा हिशेबच मांडलेला आहे.

मनाला लागलेली ठेच इंग्रजीत मोजत नाहीत. म्हणून 'टेक ऑफेन्स', 'गिव्ह ऑफेन्स', 'कॉज ऑफेन्स', 'नो ऑफेन्स'. मध्ये 'ॲन' नाही. "ही टुक ॲन ऑफेन्स" असं आपल्याकडची चांगली शिकलेली माणसंही लिहितात. ते चूक आहे. "ही टुक ऑफेन्स" एवढंच लिहायचं.

एक अपवाद सांगून ठेवते. 'ॲन ऑफेन्स टू द आइज' असं कधी वाचनात आलं तर तिथं 'ॲन' असूनही गुन्हा नाही. डोळ्याला खुपणारी गोष्ट, एवढाच अर्थ. पण अर्जात, नोटिशीत, ऑफिसच्या मेलमध्ये असं सहसा कोणी लिहीत नाही.

'ॲन' बघून झालं की मग क्रियापद बघायचं. 'कमिट' आलं की गुन्हा, तिथं शंकाच नको. मन दुखावण्याला कोणी 'कमिट' करत नाही. 'टेक' आलं तर राग मानला, मनाला लावून घेतलं. 'गिव्ह' किंवा 'कॉज' आलं तर दुखावलं. 'मीन' किंवा 'इन्टेन्ड' आलं, जसं "आय मेन्ट नो ऑफेन्स", तर दुखवायचा हेतू नव्हता.

मग मागेपुढे चिकटलेले छोटे शब्द. 'टेक ऑफेन्स'च्या पुढं 'ॲट' येतं: "शी टुक ऑफेन्स ॲट हिज रिमार्क." तिला त्याचं ते बोलणं लागलं. गुन्ह्याच्या बाजूला 'अंडर' येतं, कारण पुढं कलम असतं: "ॲन ऑफेन्स अंडर सेक्शन अमुक." 'अगेन्स्ट' आलं तर कुणाविरुद्धचा गुन्हा ते कळतं. आणि 'चार्ज्ड विथ', 'अक्यूज्ड ऑफ', 'कन्विक्टेड ऑफ' ही तीन तर नीट पाठ करून ठेवा. पहिल्या दोन्हींत आरोप आहे, तिसऱ्यात गुन्हा शाबीत झालेला आहे. ह्या फरकावर माणसाची नोकरी अडते.

पासपोर्टचा फॉर्म घ्या. त्यात विचारतात, गेल्या पाच वर्षांत भारतातल्या कोर्टानं तुम्हाला 'क्रिमिनल ऑफेन्स'साठी दोषी ठरवून दोन वर्षं किंवा जास्त कैद दिली आहे का. तिथं 'कन्विक्टेड' आहे. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं आणि कुणीतरी तक्रार दिली, म्हणून तिथं 'हो' लिहू नका. पण चालू असलेल्या खटल्यांबद्दल त्याच फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न असतो. तिथं लपवू नका, खरं लिहा. दोन प्रश्न दोन गोष्टी विचारतात. एकदा एक आई रडत माझ्याकडं आली होती. मुलानं दोन्हीकडं 'हो' लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्यावर निकाल लागलेला एकही खटला नव्हता.

कायद्याच्या बाजूला काय काय येतं

जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ मध्ये ह्या शब्दाची साधी व्याख्या आहे: कुठल्याही चालू कायद्यानं शिक्षेला पात्र ठरवलेली कृती, किंवा करायची असताना न केलेली गोष्ट. म्हणजे 'ऑफेन्स'मध्ये खूनही येतो आणि लायसन्सशिवाय गाडी चालवणंही येतं. 'क्राइम' म्हटलं की बोलण्यात काहीतरी मोठं, काळं कृत्य डोळ्यांपुढं येतं. 'ऑफेन्स' त्याहून मोठी परडी. म्हणून 'ट्रॅफिक ऑफेन्स' म्हणतात, 'ट्रॅफिक क्राइम' सहसा म्हणत नाहीत. मराठीत पोलीस ठाण्यात ह्याला 'गुन्हा' म्हणतात, कायद्याच्या मराठी पुस्तकात 'अपराध'. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत अनुच्छेद २० मध्येही 'अपराध'च आहे. त्याच अनुच्छेदात म्हटलं आहे की एकाच अपराधासाठी कुणावरही दोनदा खटला चालवून शिक्षा करता येणार नाही. इंग्रजी प्रतीत तिथं 'सेम ऑफेन्स' हे शब्द आहेत. भाषांतर करताना 'गुन्हा' आणि 'अपराध' ह्यांतला एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. एका पानावर गुन्हा, दुसऱ्यावर अपराध लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं दोन वेगळी प्रकरणं आहेत.

ऑफेन्सच्या पुढंमागं लागणारी विशेषणं:

'कॉग्निझेबल' म्हणजे दखलपात्र. पोलीस एफआयआर नोंदवून स्वतःहून तपास सुरू करू शकतात. 'नॉन-कॉग्निझेबल' म्हणजे अदखलपात्र. आपल्याकडं ज्याला नुसतं 'एनसी' म्हणतात ती ह्याची. पोलीस नोंद घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. 'बेलेबल' जामीनपात्र, 'नॉन-बेलेबल' अजामीनपात्र. अजामीनपात्र म्हणजे जामीन कधीच नाही असं घरोघरी समजतात. तसं नाही. जामीन हक्क म्हणून मिळत नाही, कोर्ट विचार करून देऊ शकतं. 'कम्पाउंडेबल' म्हणजे दोन्ही बाजूंनी तडजोड करून मिटवता येणारा. ह्या शब्दावर एकानं 'मिश्रणयोग्य' असं भाषांतर आणून दिलं होतं. तो शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा, त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. म्हणून सांगते, डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलायचा नाही, शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

आणखी एक, हल्ली रोज लागणारं. भारतीय दंड संहिता १८६० सालची. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी कलमं, नंतरच्याला नवी. त्यामुळं सध्या टेबलावर दोन्ही आकडे येतात. शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम अपमान करणं, हे जुन्या संहितेत ५०४, नव्या न्याय संहितेत ३५२. अब्रुनुकसानी जुनी ५००, नवी ३५६. कागदावर घटनेची तारीख आधी शोधा, मग कलम वाचा.

हे ३५२ कलम ह्या लेखासाठी फार मोलाचं आहे, कारण शब्दाचे दोन्ही अर्थ तिथं एकमेकांना भेटतात. अपमान स्वतःच गुन्हा होतो. पण कधी? नुसतं कुणाला वाईट वाटलं म्हणून नाही. अपमान मुद्दाम केलेला हवा. त्यानं समोरच्याला चिथावणी मिळायला हवी. आणि त्या चिथावणीतून तो शांतता मोडेल किंवा दुसरा एखादा गुन्हा करेल, असा हेतू किंवा तशी जाणीव करणाऱ्याला हवी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. माझ्या टेबलावर आलेली निम्मी माणसं म्हणायची, "मला लागलं म्हणजे त्यानं गुन्हा केला." मी त्यांना सांगायचे, "तुम्हाला लागलं ते खरं. पण तो ऑफेन्स वेगळा आणि कलमातला ऑफेन्स वेगळा."

माझ्या हातून झालेली चूक

टेबल टाकून चौथं वर्ष असेल. एका नोटिशीचं मराठी करायचं होतं. दोन व्याह्यांमधलं भांडण. लग्नातल्या मानपानावरून सुरू झालेलं, पुढं बोलण्यावर गेलेलं. इंग्रजीत वाक्य होतं: "माय क्लायंट टुक ऑफेन्स ॲट युवर कॉन्डक्ट." मी लिहिलं, "माझ्या अशिलाने तुमच्या वर्तनाबाबत गुन्हा दाखल केला आहे."

लिहायला हवं होतं, "तुमच्या वागण्याने माझे अशील दुखावले गेले."

नोटीस करवीर तालुक्यातल्या एका गावात गेली. म्हातारा माणूस, आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढला नव्हता. व्याह्यानं आपल्यावर गुन्हा दाखल केला हे वाचून तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन विचारू लागला, माझ्यावर काय लावलंय. तिथं काहीच नव्हतं. तोवर गावभर झालं होतं. सून माहेरी गेली ती चार महिने आली नाही. वकिलांनी मला बोलावून ते वाक्य दाखवलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी त्या गावाला गेले, त्या आजोबांच्या सोप्यात बसून माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "लेकी, एका शब्दासाठी एवढ्या लांब आलीस?" हो, एका शब्दासाठीच. तेव्हापासून 'टेक ऑफेन्स' दिसलं की मी पेन खाली ठेवते आणि वाक्य पुन्हा वाचते.

ठेचेचं मराठी

'टेक ऑफेन्स'ला मराठीत एक ठरलेला शब्द नाही, आणि ते बरंच आहे. किती लागलं, कुणाला लागलं, त्याप्रमाणं शब्द निवडता येतो. हलकंसं असेल तर 'वाईट वाटून घेतलं'. थोडं जास्त, 'मनाला लावून घेतलं'. खोल असेल तर 'जिव्हारी लागलं'. लागलं आणि लगेच उसळला, तर 'नाकाला मिरच्या झोंबल्या'. लागलं आणि बोलणंच बंद केलं, तर 'रुसला', 'फुगून बसला'. 'गिव्ह ऑफेन्स'साठी 'दुखावलं', 'टोचून बोलला', 'लागट बोलला'. चारचौघांत केलं तर 'पाणउतारा केला'. पण पाणउतारा हा पक्का अपमान आहे, तिथं इंग्रजीत 'इन्सल्ट'च शोभतं.

एक खड्डा इथं आहे. 'मनाला लावून घेणे' आणि 'मनावर घेणे' एक नाहीत. "पोरा, मनाला लावून घेऊ नको" म्हणजे डोन्ट टेक ऑफेन्स. "पोरा, आता मनावर घे" म्हणजे जोर लावून कामाला लाग. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका मुलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, "माय फादर टोल्ड मी टू टेक ऑफेन्स ॲण्ड पास द एक्झाम." बाप बिचारा म्हणाला होता, मनावर घे आणि पास हो.

'इन्सल्ट' आणि 'ऑफेन्स' ह्यांत मी असा फरक करते. इन्सल्ट करणाऱ्याच्या हातात असतो, ऑफेन्स घेणाऱ्याच्या मनात. "ही इन्सल्टेड मी" लिहिलंत तर त्यानं अपमान केला असा तुमचा आरोप झाला. "आय वॉज ऑफेन्डेड" लिहिलंत तर तुम्ही तुमच्या मनाचं सांगितलं, त्याचा हेतू काय होता ह्यावर काही म्हटलं नाही. तक्रारीत ह्यातलं कुठलं लिहायचं ते विचार करून ठरवा. साहेबाच्या एखाद्या वाक्यानं वाईट वाटलं असेल, हेतू ठाऊक नसेल, तर दुसरं लिहा.

कोल्हापुरात हे फार जपावं लागतं. आमची भाषा रांगडी. दोन जिवलग मित्र रंकाळ्यावर भेटले तर पहिला शब्दच असा निघतो की बाहेरगावचा माणूस दचकावा. इथं 'खुळ्या' म्हणणं ही माया आहे, 'नाद खुळा' ही तर शाबासकी. ऐकणारा आणि बोलणारा दोघंही तालमीतले, एकाच पेठेतले असतील तर त्यात ना इन्सल्ट, ना ऑफेन्स. पण हाच पोरगा पुण्याच्या ऑफिसात नव्या सहकाऱ्याला तसाच हाक मारतो, आणि तिकडं ऑफेन्स घेतला जातो. हेतू मायेचाच असतो, ठेच मात्र खरी लागलेली असते. तिथं "आमच्याकडं असंच बोलतात" म्हणून वाद घालू नये. "तुला लागलं, चुकलं माझं" म्हणावं.

आणि खरंच शिवीगाळ झाली असेल, तक्रार इंग्रजीत लिहायची असेल, तर "ही गेव्ह मी ऑफेन्स" असं मऊ लिहू नका. "ही अब्यूज्ड मी" लिहा. जमेल तर बोललेले शब्द जसेच्या तसे, कुठं, किती वाजता, कुणासमोर, हे सगळं लिहा. बायका हे शब्द उच्चारायला लाजतात. मी त्यांना कागद द्यायचे, म्हणायचे, बोलू नका, लिहा.

फुटबॉलच्या मैदानावर

माझा भाचा रेफरी व्हायची तयारी करतोय. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेला पोरगा, फुटबॉल त्याच्या रक्तात. नियमांच्या इंग्रजी पुस्तकात अकराव्या नियमात वाक्य आहे, ऑफसाइड पोझिशनमध्ये असणं हा 'ऑफेन्स' नाही. तो मला म्हणाला, "आत्ती, ऑफसाइड तर देतात की. मग ऑफेन्स न्हाई कसा?" मी म्हटलं, पुढं वाच. तिथं नुसतं उभं राहणं हा नियमभंग नाही. तिथून खेळात भाग घेतला, विरोधकाला अडवलं किंवा त्या जागेचा फायदा उठवला, की ऑफेन्स. म्हणजे इथं ऑफेन्स म्हणजे नियमभंग. 'ऑफसाइड'मधला 'ऑफ' आणि 'ऑफेन्स'मधला 'ऑफ' ह्यांचा नियमात काही संबंध जोडू नको, हेही सांगितलं.

पुढच्याच, बाराव्या नियमात लाल कार्ड कशाकशाला मिळतं त्याची यादी आहे. त्यात 'ऑफेन्सिव्ह, इन्सल्टिंग ऑर अब्यूजिव्ह' भाषा किंवा हावभाव येतात. आणि अशा कृत्यांना म्हणतात 'सेंडिंग-ऑफ ऑफेन्स'. एकाच नियमात शब्दाचे दोन्ही चेहरे: मन दुखावणारी भाषा, आणि ती वापरणं हा नियमभंग. भाच्याला मी म्हटलं, हे एक पान तुला समजलं तर हा शब्द तुला कधीच फसवणार नाही.

अमेरिकन खेळांचं बोलणं ऐकाल तर तिसराच अर्थ येईल. बास्केटबॉलमध्ये 'ऑफेन्स' म्हणजे चढाई करणारी बाजू, 'डिफेन्स'च्या उलट. तिथं जोर पहिल्या अक्षरावर देतात. वर्तमानपत्रात 'सैन्यानं ऑफेन्सिव्ह सुरू केलं' म्हणतात तेही हेच, चढाई.

'ऑफेन्सिव्ह' विशेषण म्हणून आलं तर किळस आणणारं, आक्षेपार्ह, मनाला टोचणारं. 'ऑफेन्सिव्ह स्मेल' म्हणजे उग्र घाण वास. आमच्या बोळामागच्या ओढ्याबद्दल अर्ज लिहिताना मी हेच शब्द वापरले होते. गुन्ह्याशी संबंध नाही. उलट 'ऑफेन्डर' म्हणजे गुन्हा करणारा. मन दुखावणाऱ्या सासूला कुणी 'ऑफेन्डर' म्हणत नाही. क्रियापदात बघा, पुढं माणूस आला तर मन दुखावलं: "यू ऑफेन्डेड हिम." पुढं कुणीच नाही आणि "ही ऑफेन्डेड अगेन" असेल, तर त्यानं पुन्हा गुन्हा केला.

'नो ऑफेन्स' कधी म्हणावं

माझं मत विचाराल तर जवळजवळ कधीच नाही. "नो ऑफेन्स, बट" म्हटलं की समोरचा आधीच सावरून बसतो, आता काहीतरी टोचणार म्हणून. ऑफिसच्या मेलमध्ये त्याऐवजी थेट कामाचं लिहा: "द रिपोर्ट डज नॉट हॅव द हार्डनेस रीडिंग्ज. प्लीज ॲड देम." ह्यात कुणाला लागायचं कारणच नाही. मोठ्या माणसाला चूक दाखवायची असेल तर "आय मे बी मिस्टेकन, बट" बरं. आपल्याकडं वडीलधाऱ्यांपुढं "लहान तोंडी मोठा घास घेतो" म्हणतात, तोच सूर.

दुसऱ्यानं "नो ऑफेन्स" म्हटलं, आणि खरंच लागलं नसेल, तर उत्तर "नन टेकन." छे, त्यात राग कसला. त्या फौंड्रीच्या पोराला मी एवढं पाठवायला लावलं: "नन टेकन. आय मिसअंडरस्टुड. द कम्प्लीट रिपोर्ट इज अटॅच्ड." संध्याकाळी गिऱ्हाईकाचं "थँक यू" आलं.

माफीच्या पत्रात मात्र फार सांभाळा. "आय ॲम सॉरी इफ यू वेअर ऑफेन्डेड" असं सगळे लिहितात. म्हणजे, तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. हे 'असेल तर' काढून टाका. ज्याला लागलंय त्याला त्या दोन शब्दांत तुमची शंका ऐकू येते. "आय ॲम सॉरी फॉर व्हॉट आय सेड" लिहा. आणि जिथं वाद कोर्टात आहे तिथं "आय अपॉलजाइझ फॉर द ऑफेन्स" असं वकिलांना न विचारता कधीच लिहू नका. तिथं 'द ऑफेन्स' म्हणजे गुन्हा असा अर्थ कुणीही काढेल, आणि तुम्ही तो कबूल केल्यासारखं होईल.

स्पेलिंगचं थोडक्यात सांगते. भारतात आणि इंग्लंडमध्ये शेवटी 'सी-ई', अमेरिकेत 'एस-ई'. 'ऑफेन्सिव्ह'मध्ये मात्र दोन्हीकडं 'एस'च. कोर्टाच्या, पोलिसांच्या, पासपोर्टच्या कागदावर 'सी' लिहा. अमेरिकेच्या गिऱ्हाईकाला 'एस' चालेल. एकाच पत्रात दोन्ही आले तर ते पत्र पुन्हा टाईप करा, मी तसंच करायचे.